टोपोशीटवरून डीईएम करताना या चुका टाळा

कागदी टोपोशीटवरून (समोच्च रेषांच्या सर्वेक्षण नकाशावरून) केलेला डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा अंकीय नमुना, पडद्यावर देखणाच दिसतो. हिलशेड (उजेड-सावलीचा परिणाम) लावला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे डोंगर उठून येतात आणि काम संपलं असं वाटतं. घोटाळे मात्र त्याआधीच, स्कॅनर आणि डेटमपाशी (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पायापाशी) होऊन गेलेले असतात आणि इंटरपोलेशन, म्हणजे रेषांमधल्या उंच्या अंदाजाने भरणं, त्यांच्यावर पांघरूण घालतं.

स्कॅन. १:५०,००० च्या एका शीटवरचा नकाशा साधारण ५४ बाय ५५ सेंमीचा असतो. तो ए४ स्कॅनरवर तुकड्यांत घेऊन जोडू नका. सांध्यांवर समोच्च रेषा तुटतात. मोठ्या स्कॅनरवर ४०० डीपीआयला एकसंध घ्या. एक पिक्सेल जमिनीवर सव्वातीन मीटरचा पडतो, तो पुरे. जून ते सप्टेंबर शक्यतो हे काम नकोच. गोव्याच्या पावसाळी हवेत कागद फुगतो, तोही एका दिशेने जास्त, आणि कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. म्हणून जिओरेफरन्सिंगला (स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायला) हेल्मर्ट हे रूपांतर वापरू नका, त्यात दोन्ही दिशांचं प्रमाण एकच धरलं जातं. दोन्ही दिशांना वेगळं प्रमाण देणारं पॉलिनोमिअल १ घ्या आणि चार कोपऱ्यांवर न थांबता ५ मिनिटांच्या जाळीचे सगळे १६ छेद द्या. थिन प्लेट स्प्लाइनमध्ये (प्रत्येक बिंदूवर नकाशा ताणून बसवणाऱ्या रूपांतरात) त्रुटी शून्य दिसते, त्या शून्याला भुलू नका. चुकीचा टाइप केलेला बिंदूही त्यात मुकाट्याने बसतो.

डेटम. सर्वाधिक कामं इथेच बिघडतात. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावरचे (पृथ्वीच्या एका जुन्या गणिती आकारावरचे) असतात. ते डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) समजून टाकले तर गोव्यात सगळा नकाशा शे-दीडशे मीटर सरकतो. उपग्रह प्रतिमेवर ठेवल्यावर प्रत्येक पूल, प्रत्येक चौक एकाच दिशेला तेवढाच सरकलेला दिसला, तर दोष बिंदूंचा नाही, डेटमचा. आधी कलियाणपूर १९७५ हा एव्हरेस्टचा डेटम (सॉफ्टवेअरमधला ईपीएसजी क्रमांक ४१४६) द्या, मग यूटीएम ४३ उत्तर या मीटरच्या प्रणालीत (३२६४३) बदला. बदलताना सॉफ्टवेअर कुठलं रूपांतर वापरतंय ते उघडून बघा. 'बॉलपार्क' (ढोबळ) असा शब्द दिसला तर सरकाव तसाच राहणार. २९५, ७३६, २५७ मीटर हे तीन आकडे असलेलं रूपांतर निवडा. ओपन सीरीजची (जनतेसाठीच्या मालिकेतली) नवी शीट आधीच डब्ल्यूजीएस ८४ वर असते, तिला हे करायचं नाही.

उंचीचा रकाना, म्हणजे गिरवलेल्या प्रत्येक रेषेची उंची भरायची जागा. इंचाच्या (एक इंचाला एक मैल) जुन्या शीटवर रेषा ५० फुटांच्या अंतराने असतात, मीटरच्या शीटवर २० मीटरच्या. दोन्ही जोडल्या की शिवेवर सरळसोट कडा उभा राहतो. फूट सुरुवातीलाच ०.३०४८ ने गुणा. सोपी परीक्षा अशी: गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोंसोगड, सुमारे १,१६७ मीटर. राज्याच्या हद्दीत त्याहून उंच सेल (डीईएमचा एक चौकोन) दिसला तर कुठेतरी फूट राहिलेत किंवा १८० चे १८०० झालेत. मीटरच्या शीटवर २० ने भाग न जाणाऱ्या सगळ्या रेषा निवडून बघा. आणि रिकामा रकाना ० म्हणून वाचला गेला की डोंगराच्या कुशीत विहीर पडते!

इंटरपोलेशन. आयडीडब्ल्यू (जवळच्या बिंदूला जास्त वजन देणारी पद्धत) समोच्च रेषांना लावू नका, उतारावर पायऱ्या येतात. उंच्यांच्या हिस्टोग्राममध्ये २०, ४०, ६० वर सुळके दिसले तर तेच झालंय. टिनमध्ये (बिंदू त्रिकोणांनी जोडण्याच्या पद्धतीत) शेवटच्या बंद रेषेच्या आतला माथा सपाट होतो. वेर्णे, पर्वरीच्या जांभ्याच्या सड्यांवर ते योगायोगाने बरोबरच ठरतं, पण घाटातल्या शिखरांचा टोकदार माथा कापला जातो. तिथे शीटवरचे उंचीचे आकडे बिंदू म्हणून भरावेच लागतात. टोपो टू रास्टर (रेषांबरोबर ओहोळही धरणारं साधन) वापरणार असाल तर प्रत्येक ओहोळ उगमाकडून मुखाकडे काढा. दिवाडी-चोडण बेटांभोवती मांडवी नदीला फाटे फुटतात, तिथे एकच मुख्य धार ठेवा. वेढे ठेवले की निचरा बिघडतो. सेल २० ते ३० मीटरचा ठेवा. ५ मीटरच्या सेलने फाइल फुगते, माहिती तेवढीच राहते.

वीस मीटरच्या खाली. गोव्याची खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), मिठागरं, किनाऱ्यालगतचे वाडे, बहुतेक सगळं पहिल्या रेषेच्या खाली आहे. खाजनाचा बांध आणि मानस (पाण्याचं दार) समोच्च रेषांना दिसतच नाहीत, त्यामुळे डीईएमवर बांधाची आतली आणि बाहेरची जमीन एकच होते. किनाऱ्याची रेषाही सरळ शून्य धरू नका, शीटवर असते ती भरतीची रेषा. रेषांमधल्या अर्ध्या अंतराची, म्हणजे १० मीटरची चूक गृहीत असलेल्या या पृष्ठभागावर पूररेषा काढू नये. तिथे आरटीकेने (अत्यंत अचूक जीपीएस मोजणीने) बांधाच्या माथ्याचे आणि तळाचे बिंदू घ्यावेत. पण जीपीएसची उंची लंबगोलावरची असते, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूतही ती उणे पन्नासच्या खाली येते. जिओइडची (समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाची) दुरुस्ती केल्याशिवाय ते बिंदू शीटच्या उंच्यांत मिसळू नका.