वॉक्सपॉप घ्यायला निघण्याआधी

‘दादरला जा, पाच-सहा वॉक्सपॉप घेऊन ये.’ न्यूज चॅनलमधला माझा पहिला हुकूम. रस्त्यावरच्या माणसांचे बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची दोन-चार वाक्यं, घ्यायचे एवढं कळलं. शब्द कुठला, हे विचारायला डेस्कवर कुणाला वेळ होता?

शब्द लॅटिन. वॉक्स पॉप्युली, म्हणजे लोकांचा आवाज. इंग्रज ‘व्हॉक्स’ म्हणतात, जुने रोमन ‘वोक्स’ म्हणायचे. तेव्हा आपलं ‘वॉक्स’ अगदीच चुकलेलं नाही. अर्थ लक्षात ठेवायचा तर संस्कृत ‘वाक्’ शेजारी ठेवा, दोन्ही एकाच मुळातले. वाचेसारखंच वोक्समध्ये आवाज येतो आणि बोललेला शब्दही. कॉलेजातली व्हायवा हीसुद्धा त्याच घरातली: व्हायवा व्होची, म्हणजे जिवंत आवाजाने, तोंडी. अ‍ॅडव्होकेटही त्यातलाच, मुळात मदतीला बोलावलेला माणूस.

‘वोक्स पॉप्युली, वोक्स देई’, म्हणजे लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज, हे आपलं ‘पाचामुखी परमेश्वर’च. गंमत म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीस अल्क्विन या विद्वानाने शार्लमेन राजाला लिहिलं ते उलटंच: असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गर्दीचा गोंधळ वेडाच्या जवळ असतो. म्हणून पाच बाईट घेऊन ‘मुंबईकरांचं मत’ अशी पट्टी चालवू नका. पाच माणसं म्हणजे पाच माणसं.

आता काम. हो-नाहीत संपेल असा प्रश्न नको. मी एकदा ‘पाणी वेळेवर येतं का?’ विचारत फिरलो आणि ओळीने अकरा ‘नाही’ घेऊन परतलो. ‘आज पाणी किती वाजता आलं, मग काय केलंत?’ असं विचारा, माणूस बादल्या मोजायला लागतो. प्रश्न सगळ्यांना तोच ठेवा. बूम, म्हणजे हातातला माइक, हनुवटीखाली वीतभर, लोकल शिरत असेल तर थांबा. निम्म्या माणसांना कॅमेऱ्याच्या डावीकडे बघायला लावा, निम्म्यांना उजवीकडे. बाईट जोडताना एडिटर आशीर्वाद देईल.

आणि ‘थँक्यू’ म्हटल्यावर लगेच निघू नका. फूलबाजारातल्या एका मावशीने कॅमेऱ्यासमोर ‘धंदा बरा चाललाय’ एवढंच सांगितलं. बूम खाली गेला तशी ओल्या फडक्याखालचा झेंडू वर-खाली करत म्हणाली, ‘बरा कसला रे, कालचाच माल आहे हा.’ मी विचारलं, ‘हे पुन्हा बोलाल का?’ तिने आधी आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘बोलते,’ म्हणाली, ‘पण हा ढीग संपू दे.’