वाचनाची हौस आणि पुस्तकांचा खर्च

महिन्याला चार-पाच पुस्तके वाचणाऱ्याने प्रत्येक पुस्तक नवे कोरे विकत घ्यायचे ठरवले, तर घरखर्चाला ओढ लागल्याशिवाय राहत नाही. म्हणून आधी वाचायची पुस्तके आणि संग्रही ठेवायची पुस्तके अशी विभागणी मनाशी पक्की करावी. एकदा वाचून भागेल ते वाचनालयातून आणावे आणि जे पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटेल तेच विकत घ्यावे. खरी बचत या सवयीत आहे.

वाचनालयांच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. शिवाय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य झालेली वाचनालये तालुक्याच्या गावीच नव्हे, तर लहान खेड्यांतही आहेत. सभासद होताना अनामत रक्कम आणि वर्गणी यांतला फरक विचारून घ्यावा, कारण अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते आणि त्यासाठी तिची पावती जपून ठेवावी लागते. हवे ते पुस्तक नसेल, तर निमूटपणे परत न फिरता मागणीची नोंद करावी. खरेदीच्या वेळी ग्रंथपाल अशा नोंदी विचारात घेतात आणि आपल्यामुळे आलेले पुस्तक पुढे कित्येकांच्या हाती जाते. अनेक वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात. एक-दोन अंकांच्या किमतीत पुढचे काही महिने अंक आळीपाळीने घरी नेता येत असतील, तर सगळे अंक विकत घेण्यात अर्थ नाही.

संग्रहासाठी घ्यायच्या पुस्तकांचा शोध जुन्या बाजारापासून सुरू करावा. मुंबईत हुतात्मा चौकाजवळचे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथावरील विक्रेते यासाठी प्रसिद्ध आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात नव्याबरोबर जुनी पुस्तकेही मिळतात. येथे किमतीपेक्षा पुस्तकाची तपासणी महत्त्वाची. छापील पुस्तक बहुधा सोळा पृष्ठांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलेले असते आणि पान गळाले तर पुष्कळदा अख्खा फर्माच गळालेला असतो. म्हणून पृष्ठ १६ नंतर १७, ३२ नंतर ३३ अशा सांध्यांवर क्रमांक जुळतात का, हे उभ्या उभ्या पाहून घ्यावे. पान कोपऱ्यात हलकेच दुमडल्यावर तुकडा पडत असेल, तर कागद ठिसूळ झालेला आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस आणि शिवणीजवळ बारीक भोके किंवा भुसा दिसला, तर पुस्तक कितीही दुर्मीळ असो, ते घरच्या कपाटात नेऊ नये. एका किडलेल्या पुस्तकापायी शेजारच्या दहा पुस्तकांचे नुकसान होते. नावे, शिक्के आणि समासातल्या टिपा यांचे मात्र वावडे नसावे, कारण त्यांच्यामुळेच किंमत उतरते.

नवे पुस्तक घ्यायचेच असेल, तर घाई करू नये. मोठे आणि अनेक खंडांचे ग्रंथ प्रकाशक पुष्कळदा प्रकाशनपूर्व सवलतीत देतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन यांच्या आगेमागे ठिकठिकाणी ग्रंथप्रदर्शने लागतात. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी वर्षभर लिहीत जावी आणि प्रदर्शनात तिच्या बाहेर जाऊ नये, नाहीतर सवलतीच्या नादात अधिकच खर्च होतो. साहित्य अकादमी, राष्ट्रीय पुस्तक न्यास आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची पुस्तके मुळातच माफक किमतीची असतात. मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवूनही घेता येतात. मराठी विश्वकोशही असाच मोफत वाचता येतो.

जुन्या साहित्यासाठी तर पैसे मोजण्याची फारशी गरजच नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. त्यामुळे १९१९ मध्ये निवर्तलेले हरि नारायण आपटे किंवा १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी यांचे लेखन सर्वांसाठी खुले आहे आणि विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात अशा लेखनाचा शोध घेता येतो. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या ज्या पीडीएफ प्रती व्हॉट्सॲपवरून फिरतात, त्यांना मात्र हात लावू नये. मराठीत आवृत्ती लहान असते, तेव्हा बुडालेल्या प्रत्येक प्रतीचा फटका लेखकाला आणि लहान प्रकाशकाला बसतो. वाचनालय, जुना बाजार आणि मुक्त साहित्य यांतून वाचलेले पैसे आवडत्या हयात लेखकाच्या नव्या पुस्तकावर खर्च करणे हाच या बचतीचा सर्वात चांगला उपयोग आहे, असे माझे ठाम मत आहे.

शहरापासून दूर राहणाऱ्यांना टपालखर्च जाचतो. त्यांनी चार-पाच ओळखीच्या वाचकांची मागणी एकत्र करून एकच पार्सल मागवावे. अभ्यासक्रमाची, स्पर्धा परीक्षांची तसेच सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके पाठवण्यासाठी टपाल खात्याने मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. त्याचा आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा होता. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम तर वाचकगटांना पुस्तकांची पेटीच विनामूल्य पोहोचवतो आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलता येते. परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही अशा पेट्या गेल्या आहेत. सोसायटीत किंवा कार्यालयात वाचणारी मंडळी जमत असतील, तर त्यांनी आधी येथे चौकशी करावी.