राजहंसाच्या थव्याजवळ कसे बसावे

दर हिवाळ्यात एखादा तरुण मला विचारतो की, परदेशात मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, बंदुकीने राजहंस (इंग्रजीत ‘गूझ’) टिपतात, तसे आपल्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, का करता येत नाही. उत्तर देण्यापूर्वी ती बंदूक समजून घेऊ, कारण तिच्या मर्यादेतूनच पुढची सारी रीत निघते.

एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले आणि त्यातला एक गोळा नळीत नेमका बसला, तर ती बारा बोअरची नळी होय. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी: बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो, तर दहा बोअरचा १९.७. राजहंस दोन-तीन किलोचा, दाट पिसांचा पक्षी असल्याने त्याला बारीक छर्रा पुरत नाही, आणि जाड छर्रे पुरेशा संख्येने भरायचे तर काडतूस मोठे लागते. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी आहे, कारण पाणथळीत पडलेले छर्रे पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. शिशाऐवजी आलेले पोलाद वजनाला हलके असल्याने छर्रा आणखी जाड घ्यावा लागतो, म्हणून तिथे मोठ्या नळीची मागणी टिकून राहिली. एवढे करूनही ही बंदूक चाळीस-पन्नास मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. थवा त्या टप्प्यात आणणे हेच शिकाऱ्याचे खरे कसब असते आणि बंदूक केवळ शेवटच्या क्षणापुरती असते.

आपल्याकडे तो शेवटचा क्षण कायद्याने बंद आहे आणि तो बंद असावा, असे माझे ठाम मत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार राजहंसाची शिकार हा गुन्हा आहे. जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तिथल्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, आणि बंदुकीचा परवाना खिशात असला तरी लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल ठेवता येत नाही. माझ्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती. तिचा दस्ता मी लहानपणी तेलाने पुसला आहे. पण त्यांच्याकडून मी जे शिकलो ते बसण्याचे, वाऱ्याचे आणि अंतराचे ज्ञान होते. दुर्बीण घेऊन जाणाऱ्याला आज नेमके तेच उपयोगी पडते.

प्रथम पक्ष्याची दिनचर्या ध्यानात घ्यावी. आपल्याकडे येणारा राजहंस म्हणजे पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच व पाय पिवळसर नारिंगी. तिबेट, मंगोलिया, लडाख या भागांत वीण करून हिमालय ओलांडून तो इथे येतो. या प्रवासात ७,२९० मीटर उंचीवरून गेलेल्या पक्ष्याची उपकरणाने नोंद झालेली आहे. दिवसा तो उघड्या पाण्यात किंवा बेटावर विसावतो आणि रात्री, पहाटे व सायंकाळी काठच्या गवतावर आणि गहू-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात चरतो. धरणाचे पाणी ओसरत जाते तशी गाळपेर जमीन, म्हणजे पाण्याखालची गाळाची पेरणीजोगी जमीन, उघडी पडते, आणि तिथल्या नव्या हिरवळीकडे त्याचा ओढा असतो. त्यामुळे चरण्याची जागा आणि विसाव्याचे पाणी यांमधल्या वाटेची कड हीच तुमची बसण्याची जागा. आदल्या दिवशी दुपारी जाऊन चिखलातली पावले, ताजी विष्ठा आणि कुरतडलेली पाती शोधावीत. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला व तराफ्यावरच्या मासेमाराला विचारावे. थवा कुठे उतरतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. शेतात बसायचे तर मालकाची आणि अभयारण्यात जायचे तर वनविभागाची परवानगी घ्यावी.

आता वारा. राजहंस उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे ठेवतो. शिकारी वारा पाठीवर घेऊन बसतो, म्हणजे उतरणारा थवा समोरून, पाय खाली सोडून त्याच्याकडेच येतो. मराठवाड्यात हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो आणि सकाळचे ऊनही तिकडूनच येते. म्हणून पूर्वेच्या बाजूला बसून पश्चिमेकडे पाहिले की वारा व सूर्य दोन्ही पाठीशी येतात, आणि डोक्यावरचे पट्टे काळ्या सावलीत हरवत नाहीत. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही सहाला जागेवर असावे, कारण उजाडल्यावर चालत येणारा माणूस या पक्ष्याला फार दुरून दिसतो.

लपण साधे ठेवावे. बांधावरची बाभूळ, तिच्यासमोर कडब्याच्या तीन-चार पेंढ्या आणि अंगावर काळी घोंगडी एवढे पुरते. पांढरा सदरा, चमकणारे घड्याळ आणि मोबाईलचा उजेड टाळावा. कुत्रा बरोबर आणू नये. थवा आणि पाणी यांच्या मधोमध कधीही बसू नये. पाण्याकडची वाट अडली की राजहंस ती जागा सोडून देतो.

उपकरणात ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण पहिल्यांदा घ्यावी. हात सरावला की तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, घ्यावा. बंदुकीप्रमाणे इथेही मोठ्या तोंडाला महत्त्व आहे, कारण ८० मिलिमीटरचे भिंग पहाटेच्या अंधुक उजेडात ६५ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा पुष्कळ अधिक दाखवते. पट मात्र वीस-तीसच ठेवावी. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते, तेव्हा साठ पटीत थवा वितळल्यासारखा दिसतो.

अंतराचा अंदाज हा सर्वांत कठीण भाग आहे. पक्षी मोठा असल्यामुळे तो आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. आजोबांची खूण अशी होती की नुसत्या डोळ्यांनी डोक्यावरचे दोन पट्टे वेगवेगळे दिसले की थवा टप्प्यात आला. आपल्यासाठी हीच थांबण्याची खूण आहे. त्याहून जवळ सरकू नये. चरणारा थवा माना खाली घालून पुढे सरकत असतो आणि कडेचे एक-दोन पक्षी पहारा देतात. एक मान ताठ झाली तर हालचाल थांबवावी. पाच-सहा माना एकदम काठीसारख्या उभ्या राहिल्या आणि चरणे बंद झाले, तर आपण चुकलो असे समजून डोके खाली घालून स्तब्ध राहावे. एकदा मी अशा वेळी कॅमेरा सरसावला आणि सगळा थवा उठला. त्या आठवड्यात तो त्या शेतात परतला नाही.

मोजणी करताना प्रथम दहा पक्षी नीट मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत ठेवावी आणि तेवढ्याच तुकड्यांनी थवा पुढे मापावा. मोठ्या थव्याला पन्नासाची तुकडी धरावी. उलट दिशेने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेला अशा नोंदी उपयोगी पडतात. मंगोलियात काही राजहंसांच्या गळ्यात रंगीत पट्टे घातलेले आहेत. तसा पट्टा दिसला तर त्याचा रंग, त्यावरील अक्षरे, वेळ आणि ठिकाण तत्काळ वहीत टिपावे.

उठण्याची घाई करू नये. थवा स्वतःहून पाण्याकडे निघून गेला, त्याचा आवाज विरला, की मगच पेंढ्या जागेवर ठेवून बांधाच्या आडोशाने परतावे.