स्टोरेज हीटर रात्रभर चालू, तरी खोली गार? बिघाड असा शोधा

ब्रिटनमध्ये गॅसची जोडणी नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं की भिंतीला टेकून उभी असलेली ती बुटकी, जडशीळ पेटी पहिल्याच हिवाळ्यात छळायला लागते. हाच स्टोरेज हीटर: रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापवायच्या आणि ती ऊब दिवसभर खोलीत सोडायची. सकाळी उठावं तर खोली गारठलेली. नाहीतर दुपारी उकाडा आणि नेमकं संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर, हुडहुडी. इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी यातलं बरंच काही आपल्याला घरबसल्या कळू शकतं. त्यासाठी पेटी उघडायची गरज नाही, आणि उघडूही नका. आतल्या विटा कित्येक शे अंशांपर्यंत तापतात आणि बटण बंद केल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत चटका देतात. शिवाय रात्रीची लाइन दिवसा मेलेली असते आणि ठरल्या वेळी आपोआप जिवंत होते. पेटी फार जुनी, म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्याआधीची असेल, तर आत ॲस्बेस्टॉस असू शकतं. अशा पेटीला कुणी हातही लावू नये.

सुरुवात दोन बटणांपासून करा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ‘इनपुट’ म्हणजे आज रात्री विटांमध्ये किती उष्णता भरायची ते. ‘आउटपुट’ किंवा ‘बूस्ट’ म्हणजे वरची झडप किती उघडायची ते. रात्री आउटपुट उघडं राहिलं तर भरलेली ऊब पहाटेच निघून जाते आणि संध्याकाळी पेटी कोमट लागते. झोपताना आउटपुट अगदी कमी करा. थंडी वाढणार असेल तर इनपुट आदल्या संध्याकाळी वाढवा. आत्ता फिरवलेल्या इनपुटचा परिणाम उद्या दिसतो. त्यामुळे एक बदल केल्यावर निदान दोन रात्री थांबा.

तरीही पेटी गारच असेल, तर बाकीच्या खोल्यांतल्या पेट्यांना हात लावून बघा. या एका तपासणीने दिशा पक्की होते. सगळ्याच गार असतील तर दोष पेटीत नाही, रात्रीच्या पुरवठ्यात आहे. स्वस्त वीज सुरू होण्याच्या सुमारास मीटरजवळ उभे राहा. बऱ्याच घरांत ‘खट्ट’ असा स्पष्ट आवाज येतो आणि पेट्यांची लाइन सुरू होते. आवाज नाही आणि सकाळपर्यंत रात्रीच्या दराचा आकडाही हललेला नाही, तर वीज कंपनीला फोन करा. एक लक्षात ठेवा, इकॉनॉमी सेव्हनची, म्हणजे रात्री स्वस्त वीज देणाऱ्या दराची, सात तासांची वेळ घरागणिक वेगळी असते आणि अनेक जुनी घड्याळं उन्हाळ्यातही हिवाळी वेळेवरच चालतात. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे रात्री साडेबाराची वेळ तेव्हा दीड वाजता येते. तुमचा मीटर रेडिओ सिग्नलवर चालणारा असेल तर आधी त्याचीच चौकशी करा. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली आहे. सिग्नल गेल्यावर पेट्या अजिबात न भरणं किंवा भलत्या वेळी, महाग दराने भरणं, दोन्ही होऊ शकतं.

एकच पेटी गार असेल तर तिच्या शेजारचा भिंतीवरचा स्विच आणि वीजपेटीतला तिचा एमसीबी, म्हणजे ब्रेकर, बघा. पेट्यांसाठी बऱ्याचदा वेगळीच वीजपेटी असते, ती नजरेतून सुटते. दोन्ही चालू असतील तर संशय आतल्या सुरक्षा कटआउटवर. वर कपडे वाळत घातले, पडदा लोंबत राहिला, सोफा टेकवला, की हवा कोंडते आणि कटआउट वीज तोडतो. अडथळा आधी हटवा. कटआउट पूर्ववत करण्याचं किंवा बदलण्याचं काम मात्र इलेक्ट्रिशियनचं.

आता सगळ्यात चकवणारा बिघाड: पेटी गरम होते, पण अर्धवट. अनेक मॉडेलमध्ये विटा तापवणाऱ्या ८५० वॅटच्या कॉइल शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. १.७ किलोवॅटच्या पेटीत दोन, ३.४ च्या पेटीत चार. एक कॉइल तुटली तरी बाकीच्या इमानाने तापत राहतात आणि आपल्याला वाटतं, यंदा थंडीच जास्त आहे. आमच्या झोपायच्या खोलीतल्या पेटीचं हेच झालं होतं. सकाळी डाव्या बाजूला हात ठेववत नव्हता आणि उजवी जेमतेम कोमट.

याची खात्री मीटरवर करता येते. पेटी पूर्ण गार असू द्या, इनपुट सर्वांत वर ठेवा. रात्रीची वीज सुरू झाल्यावर बाकीच्या पेट्या, पाणी तापवायची टाकी, धुलाई यंत्र बंद करा आणि अर्धा तास मीटर बघा. १.७ किलोवॅटची धडधाकट पेटी त्या वेळात साधारण ०.८५ युनिट घेते. फ्रिजचं थोडंफार वर. आकडा ०.४ च्या आसपास रेंगाळला तर एक कॉइल गेली असं समजा. स्मार्ट मीटरचा छोटा डिस्प्ले असेल तर काम आणखी सोपं: पेटीचा स्विच चालू करताना किलोवॅटचा आकडा किती उडी मारतो ते बघायचं.

उलटी तक्रारही असते, की पेटी कायम तापलेली आणि बिल वाढतंय. इनपुट कमी करूनही दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर इनपुटचा थर्मोस्टॅट अडकला आहे. अशी पेटी भिंतीवरच्या स्विचवरून बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत बंदच ठेवा. आउटपुट फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर झडप अडकलेली असते. तापताना-निवताना होणारी टकटक मात्र पत्र्याच्या प्रसरणाची आहे, तिची काळजी नको.

उन्हाळाभर बंद असलेली पेटी पहिल्याच रात्री ब्रेकर पाडत असेल तर बहुधा कॉइलमध्ये ओल शिरलेली असते. ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन मोजून घ्या.

इलेक्ट्रिशियन येण्याआधी दोन दिवस पेटी बंद ठेवा, नाहीतर तापलेल्या विटा बघून तो परत जाईल. पंखा किंवा दिवसा थेट तापणारी वेगळी बूस्ट कॉइल असलेल्या पेटीला दिवसाची आणि रात्रीची अशा दोन लाइन येतात. दोन्ही बंद करायच्या हे त्यालाही आठवणीने सांगा. घर भाड्याचं असेल तर खर्च स्वतः करू नका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार घरातली बसवलेली हीटिंग व्यवस्था चालू स्थितीत ठेवणं हे सहसा घरमालकाचं काम आहे. मीटरचे आकडे तारखेसकट लिहून त्याला ईमेल करा. ‘हीटर नीट चालत नाही’ या वाक्यापेक्षा ‘१.७ ची पेटी अर्ध्या तासात ०.४ युनिट घेते’ हे वाक्य टाळणं त्याला फार अवघड जातं.