उन्हात आणि पावसात टिकणारा पैदाशीचा मेंढा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिंदखेड्याच्या माळावर जाडजूड मेंढ्यापेक्षा चिवट दख्खनी जातीचाच बरा. निवड दोनदा करा. मे महिन्यात, चारा आटल्यावर, अंग कुणी धरून ठेवलंय ते बघा. मग भाद्रपदात खालची पापणी ओढा: लालसर गुलाबी हवी. पांढरट म्हणजे जंतांनी रक्त शोषलंय. असा मेंढा बाद, औषधाने सावरला तरी. दोन्ही अंडकोष सारखे, घट्ट, बिनगाठीचे हवेत.

२५-३० मेंढ्यांना एक मेंढा पुरे. दोन वर्षांनी बदलाच, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर जातो आणि कोकरं कमजोर निघतात.

जुळ्यांसाठी फलटणची नारी सुवर्णा ही मेंढीची जात चांगली, पण फिरत्या कळपात दूध पुरत नाही, दुसरं कोकरू हातचं जातं. दावणीला चारा देणार असाल तरच आणा.