युनिक्स सर्व्हर मंदावला तर काय तपासावे, काय करावे

सर्व्हर हळू चालायला लागला की बहुतेकांचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. तेवढे टाळा. रीस्टार्टने तात्पुरते भागते, पण कारण शोधायला लागणारा पुरावाही पुसला जातो आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क की उघड्या फाइलींची मर्यादा, यांतले नेमके काय कमी पडतेय हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नये. खालच्या कमांड लिनक्सच्या आहेत. बीएसडी किंवा सोलारिस या युनिक्सच्या इतर प्रकारांवर काही वेगळ्या असतील, पण तपासाचा क्रम हाच ठेवा.

१. आधी लोड बघा

‘अपटाइम’ चालवा. शेवटचे तीन आकडे म्हणजे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा सरासरी लोड, म्हणजे चालू असलेल्या आणि वाट बघणाऱ्या कामांची संख्या. ‘एनप्रॉक’ने प्रोसेसरचे कोर किती ते बघा. ४ कोर असताना लोड १२ असेल, तर कामे रांगेत ताटकळत आहेत. पहिला आकडा तिसऱ्याहून मोठा असेल तर ताण वाढतोय, लहान असेल तर ओसरतोय.

लिनक्सवर डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) लोडमध्ये धरल्या जातात. त्यामुळे लोड भरमसाट आणि प्रोसेसर मात्र निवांत, असेही दिसते. अशा वेळी ‘टॉप’ उघडून ‘डब्ल्यूए’चा आकडा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला प्रोसेसरचा वेळ, बघा. तो मोठा असेल तर डिस्ककडे वळा, प्रोसेसर वाढवून काही होणार नाही.

२. मेमरी

‘फ्री -एच’ दिल्यावर ‘फ्री’च्या रकान्यातला छोटा आकडा बघून घाबरू नका. मोकळी मेमरी कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, फाइलींच्या कॅशेसाठी (वाचलेला डेटा हाताशी ठेवायला) वापरतो आणि गरज पडली की सोडतो. खरा आकडा ‘अव्हेलेबल’चा. कॅशे हाताने रिकामी करण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो, पण त्याने डिस्कवरचे वाचन उलट वाढते.

आता ‘व्हीएमस्टॅट ५’ चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशिन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (डिस्कवरच्या स्वॅपमधून मेमरीत येणारा आणि तिथे जाणारा डेटा) सतत शून्याच्या वर असतील तर मेमरी खरोखर अपुरी आहे. एखादी प्रोसेस आपोआप गायब झाली असेल, तर ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपल्यावर कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारतो.

३. डिस्क

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून सावकाश जा.

‘डीएफ -एच’ने कोणते पार्टिशन भरले ते कळते. जागा शिल्लक असूनही फाइल लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ द्या. लाखो बारीक फाइली साठल्या की जागेआधी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी, संपतात. मग भरलेल्या भागात ‘डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१’ चालवत एकेक फोल्डर खाली उतरा. बहुतेकदा /व्हार/लॉगमध्येच उत्तर सापडते.

कधी कधी मात्र हिशेब जुळत नाही. ‘डीएफ’ १०० टक्के म्हणतो आणि ‘डीयू’ची बेरीज निम्म्यावरच थांबते. कोणीतरी मोठी लॉग फाइल ‘आरएम’ने उडवलेली असते, पण लिहिणाऱ्या प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असते. नाव गेले तरी जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ दिले की अशा फाइली आणि त्यांना धरून बसलेल्या प्रोसेस समोर येतात. ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, जागा लगेच मोकळी होते. पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामी करा आणि जुने लॉग आपोआप बाजूला काढणारे लॉगरोटेट लावून टाका.

४. दोषी सापडल्यावर

प्रोसेस गरजेची पण खादाड असेल तर मारू नका, मागे सरकवा. ‘रीनाइस’ने तिचे नाइस मूल्य वाढवा. ते -२० ते १९ असते, आणि आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस इतरांना वाट देते. मूल्य उणे करायला रूटचे अधिकार लागतात. डिस्कसाठी ‘आयओनाइस’ आहे, पण तो सगळ्याच आयओ शेड्यूलरवर (डिस्कच्या कामांचा क्रम लावणाऱ्या भागावर) चालत नाही.

मारायचीच असेल तर साधे ‘किल’ द्या, म्हणजे प्रोसेसला आवराआवर करता येते. थोडे थांबून, काहीच झाले नाही तरच ‘किल -९’. डेटाबेसवर तर हा अगदी शेवटचा उपाय समजा. ‘टॉप’च्या ‘एस’ रकान्यात प्रोसेसची अवस्था ‘डी’ (डिस्कची वाट बघत अडकलेली) असेल तर डिस्क उत्तर देईपर्यंत ‘-९’ही सहसा लागू पडत नाही. ‘झेड’ म्हणजे झॉम्बी, ती आधीच मेलेली असते. तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसकडे लक्ष द्या.

५. पुन्हा होऊ नये म्हणून मर्यादा

‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा एरर आला तर ‘यूलिमिट -एन’, म्हणजे एका प्रोसेसला किती फाइली उघडता येतात तो आकडा, बघा. बऱ्याच ठिकाणी तो १०२४ असतो. लॉगिन करणाऱ्यांसाठी तो लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये वाढवता येतो, पण सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालवत असलेल्या सर्व्हिस ती फाइल वाचत नाहीत. अनेकजण इथेच अडकतात. सर्व्हिससाठी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ करून ‘लिमिटनोफाइल’ लिहा. तिथेच ‘मेमरीमॅक्स’ आणि ‘सीपीयूकोटा’ही देता येतात. कोटा ५० टक्के म्हणजे अर्धा कोर, २०० टक्के म्हणजे दोन. मेमरीची मर्यादा ओलांडली तर फक्त त्या सर्व्हिसच्या प्रोसेसवर गदा येते, बाकीचा सर्व्हर वाचतो.

सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर /प्रॉकमध्ये तिच्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरातली ‘लिमिट्स’ फाइल वाचून उघड्या फाइलींची नवी मर्यादा लागू झाली का ते बघा. मेमरी आणि कोट्यासाठी ‘सिस्टमसीटीएल शो’ वापरा.