मच्छीमारांची एन्का गाताना धैवत सांभाळा

कोळीगीताचा ठेका डोक्यात ठेवून जपानी एन्का (तिकडची भावनेनं ओथंबलेली लोकप्रिय गाणी) गायला घेतली, तर पहिल्याच ओळीत गाडी अडते. इथे नाच नाही. उत्तरेचा गारठलेला समुद्र, बर्फात निघालेली होडी आणि बंदरावर वाट पाहणारं माणूस, एवढंच आहे, आणि तेवढ्यावर जीव तुटतो. आधी तोबा इचिरोचं १९८२चं 'क्योदाइ-बुने', म्हणजे 'भावांची होडी', आठवडाभर नुसतं ऐका. हा गायक आधी स्वतः मासेमारी करायचा.

मग पेटी काढा. एन्कातल्या पुष्कळ चाली 'योनानुकी'त असतात: चौथा आणि सातवा स्वर गाळलेला, म्हणजे म आणि नी वर्ज्य. बाकीचे स्वर शुद्ध ठेवले की आपला भूप रागच. व्याकूळ गाण्यांत मात्र ग आणि ध कोमल होतात, म्हणजे अर्धा स्वर खाली उतरतात. पांढरी १ सा धरली, तर पट्ट्या अशा: पांढरी १, पांढरी २, काळी २, पांढरी ५, काळी ४.

नाशिकमध्ये शास्त्रीय शिकलेले गळे नेमके इथेच घसरतात. कोमल गंधार ऐकला की कान शिवरंजनी रागाकडे ओढतो आणि ध नकळत शुद्ध होतो. एका स्वराने समुद्र हरवतो! उपाय साधा आहे: तानपुरा लावून रोज दहा मिनिटं प ध प ग रे सा, अगदी सावकाश, काळी ४ दाबून पडताळत. ध पंचमाला चिकटूनच हवा.

'कोबुशी' म्हणजे गळ्याची बारीक कलाटणी, आपल्या मुरकीच्या जवळची. ती ठरावीक अक्षरांवरच घ्यायची; सगळीकडे पेरली की गाणं तानबाजी होतं. लांब स्वर आधी सरळ धरा, कंप शेवटी सोडा.

उच्चारांत प्रत्येक मात्रेला सारखा वेळ द्या. 'निहोंकाइ' (जपानचा समुद्र) आपण तीन तुकड्यांत उरकतो; ते नि-हो-न्-का-इ, पाच मात्रांचं आहे. न् गिळला की शब्द तालाच्या पुढे पळतो. र जिभेच्या एकाच हलक्या टिचकीचा. 'नामी' (लाट), 'आमी' (जाळं) सोपे आहेत.

कराओकेवर पट्टी सर्वांत खालच्या स्वरावरून ठरवा. तो नुसता श्वासात विरत असेल, तर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढवा. शेवटच्या लांब स्वराला माईक चार बोटं लांब न्या, नाहीतर कंपाऐवजी नुसता दणका ऐकू येतो.